एका विटेचे आतिथ्य

मराठी भाषेत 'वाडी' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. थोड्या घरांची वस्ती ती वाडी, आणि बाग तीही वाडीच. कोकणात नारळी-पोफळींच्या बागेस वाडी म्हणतात. वसईकडे केळीच्या, पानवेलींच्या व फुलांच्या बागेस वाडी म्हणतात. वस्ती आणि बाग या दोहोंचा बोध एकाच शब्दाने व्हावा, ही गोष्ट आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते. झाडांवाचून घर आणि माणसांवाचून बाग ही कल्पनाच आपल्या पूर्वजांस परकी असावी. आमच्या विठ्ठलवाडीच्या नावात हा शब्द अजून टिकून आहे. परंतु कल्याण सोडून कर्जतकडे जाणारी गाडी पहिल्याच स्थानकावर थांबली व आपण खाली उतरून सभोवार पाहिले, तर पहिल्या अर्थाची वाडी मोप दिसते, दुसऱ्या अर्थाची शोधावी लागते. चाळी, इमारती, कारखान्यांच्या भिंती आणि घरापुढे चार हात जागा असलीच तर तीत एक दुचाकी, एक पाण्याचे पिंप व एखादी मोडकी खुर्ची, असा हा देखावा असतो.

त्या चार हात जागेविषयी दोन शब्द लिहावे, असा आमचा हेतू आहे. ती जागा थोड्या पैशांत सुंदर कशी करावी, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. आमचा मुद्दा थोडा निराळा आहे. बाग सुंदर असणे आणि बाग आतिथ्यशील असणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिलीस द्रव्य लागते. दुसरीस मुख्यतः मन लागते. आणि ज्याच्यापाशी जागा व पैसा ही दोन्ही थोडी आहेत, त्याने दुसरीच साधावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

निबंधाच्या वह्या तपासताना एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. 'माझी बाग' हा विषय दिला की, मुलांच्या लेखणीतून कारंजी उडू लागतात. हिरवीगार हिरवळ, संगमरवरी बाके, गुलाबांचे ताटवे, हंस पोहत असलेले तळे, असे सर्व काही त्या वह्यांत असते. लिहिणारा मुलगा मात्र दहा फूट खोलीत राहतो, आणि त्याच्या दारात पत्र्याच्या डब्यात लावलेली एक तुळस, एक कोरफड व ओव्याचे एक रोप आहे. त्याविषयी तो एक ओळही लिहीत नाही. ती आपली बाग आहे, हे त्याच्या ध्यानीच येत नाही. येथपर्यंत ही केवळ निबंधाची गोष्ट झाली. परंतु हाच मुलगा वर्गमित्रास घरी बोलावीत नाही, कारण विचारल्यास खाली मान घालून सांगतो की, "आमच्याकडे बसायला जागा नाही." येथे मात्र गोष्ट निबंधापुरती राहात नाही. ज्या घरात पाहुण्यास बोलाविण्याचा संकोच वाटतो, त्या घरातील मूल हळूहळू लोकांपासून दूर राहावयास शिकते. शाळेत शिकविलेले शंभर धडे ही एक सवय पुसून टाकू शकत नाहीत.

पाहुण्यास जागा देण्यास किती लागते? ज्या दैवताचे नाव आमच्या गावास आहे, त्याची कथा महाराष्ट्रातील प्रत्येक मुलास ठाऊक असते. पुंडलिक आईबापांच्या सेवेत गुंतला होता. दारी पाहुणा आला. पुंडलिकापाशी त्या वेळी ना आसन होते ना सवड. त्याने जवळची एक वीट पुढे टाकली आणि त्यावर थांबावयास सांगितले. पाहुणा रागावला नाही, परत गेला नाही. कथा सांगते की, तो अजून तेथेच उभा आहे. कोणत्याही धर्माच्या मनुष्याने या कथेतून एवढे तरी घ्यावे की, स्वागताची किंमत एका विटेपलीकडे जात नाही. वीट कोणासाठी ठेवली आहे, हे मात्र पाहुण्यास कळले पाहिजे.

बागेतही पहिली वस्तू हीच असावी. झाड नव्हे, कुंडी नव्हे; बसावयाची जागा. दोन बाजूंस चार-चार विटा रचून वर जुन्या दाराची किंवा खाटेची एक फळी टाकली की, दोन माणसांचे बाक तयार होते. बांधकामावर उरलेल्या विटा विचारून आणल्या तर बहुधा फुकट मिळतात. फळी हलू नये म्हणून खाली माती चोपून सपाट करावी. हे बाक भिंतीस लागून असावे, म्हणजे पाठीस टेकू मिळतो. आणि दाराकडे तोंड करून असावे, म्हणजे येणारा मनुष्य दिसतो. आपल्या घरांचे जुने ओटे हेच काम करीत. ओट्यावर बसलेल्या माणसास "या, बसा" म्हणण्यासाठी दार उघडावे लागत नसे.

याउलट, ज्यांवर लोक पुष्कळ खर्च करतात त्या वस्तू पाहुण्यास दूर ठेवतात. अंगणास सरसकट लादी बसविली की, एप्रिल-मे महिन्यांत तेथे दुपारी अनवाणी उभे राहवत नाही, आणि पावसाचे पाणी जमिनीत न मुरता शेजाऱ्याच्या दारात जाते. लादीऐवजी पाऊल पडेल तेवढ्याच अंतरावर एकेक फरशीचा तुकडा ठेवावा व मधली माती मोकळी सोडावी. हिरवळ डोळ्यांस गोड खरी, पण तिला उन्हाळ्यात रोजचे पाणी लागते व तिच्यावर पाय ठेवू द्यावयास मालकाचे मन होत नाही. सिमेंटचे बगळे व हरणे यांविषयी आम्ही काही बोलत नाही. परंतु 'फुले तोडू नयेत' ही पाटी लहानशा बागेत पाहिली की, आम्हांस वाईट वाटते. सार्वजनिक उद्यानात ती पाटी शोभते. घरच्या अंगणात ती पाहुण्यास दारातूनच परत जा म्हणून सांगते.

आता झाडे. येथे आमचा पहिला नियम असा की, बाग ही विकत घेण्याची वस्तू नसून मागून घेण्याची वस्तू आहे. जास्वंद, मधुमालती, मोगरा, कृष्णकमळ ही सर्व फांदीपासून लागतात. मृगाचा पाऊस पडल्यावर पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची फांदी शेजाऱ्यापाशी मागावी, खालची पाने काढावी, आणि सावलीत ओलसर मातीत खोवावी; दहांतील पाच-सहा तरी जीव धरतात. गवती चहा व अळू यांचा एक गड्डा पुरतो. पुदिन्याच्या भाजीतील पाने खुडून घेतल्यावर उरलेल्या काड्या पाण्यात ठेवल्या तर त्यांस मुळे फुटतात. झेंडूचे बी दसऱ्याच्या तोरणात असते; तोरण उकिरड्यावर न टाकता वाळवून चुरडावे. गुलबक्षीचे काळे, मिऱ्यासारखे बी तर कोणत्याही गल्लीत भिंतीच्या कडेस पडलेले सापडते. अशा प्रत्येक रोपाबरोबर देणाऱ्याचे नाव आपल्या घरी येते. दुकानातून आणलेल्या कुंडीबरोबर फक्त पावती येते.

मागून घेतलेल्या मातीत काय दडलेले असते, याची एक गोष्ट आमच्या वाचकांस आवडेल. डॉ. विल्यम केरी यांचे नाव मराठी वाचकांस त्यांच्या मराठी व्याकरणामुळे परिचित आहे. ते 1805 साली प्रसिद्ध झाले, आणि 1810 साली त्यांचा मराठी कोश निघाला. हेच केरी बंगाल्यात श्रीरामपूर येथे मोठी बाग राखून होते, व 1820 साली त्यांनी भारतातील शेती व बागायत यांच्या उन्नतीसाठी एक संस्था स्थापिली. त्यांस इंग्लंडातून एका स्नेह्याने बियांची पिशवी पाठविली. बिया काढून घेतल्यावर पिशवीत थोडी धूळमाती उरली होती. केरींनी ती फेकून न देता बागेतील एका सावलीच्या जागी झटकली. काही दिवसांनी तेथे डेझीचे एक रोप उगवले. हे त्यांच्या मायदेशीच्या कुरणांत पायांखाली तुडविले जाणारे साधे फूल. ज्याची बाग विद्वानांत प्रसिद्ध होती त्या मनुष्यास त्या क्षुद्र फुलाने केवढा आनंद झाला, हे त्यांनी पत्राने कळविले. त्या फुलास मोल पडले नव्हते; स्नेह्याच्या पिशवीतून ते आले होते, हेच त्याचे मोल.

आणि पाहुण्यांची गोष्ट निघाली म्हणून सांगतो, आपण ज्यांस घरची फुले म्हणतो त्यांतील कितीतरी स्वतः पाहुणी म्हणून आलेली आहेत. झेंडूचे मूळ घर मेक्सिको. गुलबक्षी अमेरिका खंडातली. सदाफुली मादागास्कर बेटावरून आलेली. आज झेंडूवाचून आपला दसरा होत नाही. आमच्या परिसराचा इतिहासही याहून निराळा नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करासाठी कल्याणजवळ बराकी उभारण्यात आल्या होत्या. 1947 साली फाळणी झाली तेव्हा सिंध प्रांतातून घरदार सोडून आलेल्या सुमारे एक लाख लोकांस या बराकींत आसरा मिळाला. आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. विठ्ठलवाडी तिच्या अगदी शेजारची. पुढे महाराष्ट्राच्या सर्व जिल्ह्यांतून व इतर प्रांतांतून लोक येथे पोटासाठी आले. आम्ही सर्वच येथे थोडेफार पाहुणे आहोत. अशा गावात दारापुढे बसावयाची एक जागा असावी, हे औचित्यास धरूनच आहे.

रोप कोठे लावावे, याचाही विचार पाहुण्याच्या दृष्टीने करावा. प्रथम एक दिवस काही न लावता केवळ ऊन पाहावे. सकाळी आठ, दुपारी बारा व चार वाजता ते कोठे पडते त्याची खडूने खूण करावी. मोगरा, जास्वंद व झेंडू यांस पाच-सहा तास ऊन हवे. अबोली, अळू व पुदिना अर्ध्या सावलीत भागवून घेतात. सुवासाचे झाड बाकाजवळ असावे, दूर कोपऱ्यात नव्हे. गुलबक्षी दुपार कलल्यावर उमलते. कामावरून परतणारी माणसे गाडीतून उतरून घराकडे वळतात त्या वेळी ती फुललेली असते. म्हणून ती वाटेच्या कडेस लावावी. बाकावर सावली हवी असल्यास दोन बांबू रोवून वर सुतळीचे जाळे बांधावे व मधुमालती चढवावी; दोन पावसाळ्यांत ती मांडव धरते. मागची भिंत काळवंडलेली असल्यास तिला चुन्याचा हात द्यावा. अंधारा कोपरा उजळतो, आणि साधी हिरवी पानेही त्यावर खुलून दिसतात.

कुंड्यांवर खर्च करू नये. खाद्यतेलाचे पत्र्याचे डबे, गळका माठ, फुटकी बादली, सर्व काही चालते. तळास चार-पाच भोके पाडून त्यावर खापरीचे तुकडे ठेवावे, म्हणजे पाणी साचत नाही व माती वाहून जात नाही. सर्व डब्यांस एकच रंग दिला की, भंगाराचा देखावा जाऊन त्यांस एका कुटुंबाची कळा येते. मात्र एक सूचना कळकळीची आहे. आमच्या भोवती कारखाने आहेत, आणि भंगारवाल्यांकडे रसायनांची रिकामी पिंपे स्वस्तात मिळतात. ती कितीही धुतली तरी बागेत आणू नयेत. खाण्याच्या भाजीसाठी तर मुळीच नव्हे.

माती घरातच तयार होते. भोके पाडलेल्या जुन्या बादलीत सुक्या पानांचा एक थर, त्यावर भाजीच्या देठांचा व सालींचा थर, पुन्हा सुकी पाने व मूठभर माती, असे रचीत जावे व आठवड्यातून एकदा हलवावे. वास येऊ लागला तर ओल अधिक झाली असे समजून सुकी पाने वाढवावी. दोन-तीन महिन्यांत काळेभोर खत हाती येते. हा केवळ हौशी लोकांचा खेळ नव्हे. मुंबई बंदराच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात श्रीमती प्रीती पाटील यांनी 2002 साली स्वयंपाकातील ओल्या कचऱ्याचे खत करून गच्चीवर बाग उभी केली. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर यांनी तर 'प्रयोग परिवारा'च्या द्वारे, पालापाचोळा, ऊन व मनुष्याचे कुतूहल एवढ्याच भांडवलावर साधा गृहस्थही पीक काढू शकतो, हे लोकांस हाताने करून पाहावयास शिकविले.

पाण्याचा प्रश्न मात्र खरा आहे. आमच्या भागात पावसाळ्यात पाणी नको इतके असते आणि मे महिन्यात नळाकडे डोळे लावून बसावे लागते. तांदूळ व भाजी धुतलेले पाणी झाडांस घालावे. एक लहानसा माठ गळ्यापर्यंत जमिनीत पुरून पाण्याने भरला व तोंडावर झाकण ठेवले, तर तो झिरपत राहून भोवतालच्या मुळांस दोन-तीन दिवस ओल पुरवितो. मातीवर सुक्या पानांचे पांघरूण घातले की पाणी आणखी टिकते. कुंडीखालच्या बशीत मात्र पाणी साचू देऊ नये. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि त्याची पूर्ण वाढ व्हावयास आठवडाभर किंवा थोडे अधिक लागते. म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी कोरडी करावी. रविवार हा दिवस मुलांस सोयीचा पडेल.

येथवर वाचून काही पालक म्हणतील की, हे सर्व कागदावर ठीक आहे. परंतु पहाटे लोक येऊन पूजेसाठी फुले तोडून नेतात, त्याचे काय? आक्षेप रास्त आहे. त्यावर आमचा उपाय हा की, कुंपणाच्या बाहेर, रस्त्याच्या बाजूस, एक तगर व एक जास्वंद त्यांच्यासाठीच लावावी. तगर जवळजवळ बारा महिने फुलते. ज्याचा वाटा बाहेर राखून ठेवला आहे, तो मनुष्य बहुधा आत हात घालीत नाही. आणि घातलाच, तरी आपल्या दोन फुलांनी कोणाची तरी पूजा झाली यात आपले काय गेले? दुसरे म्हणतील, दुचाकी कोठे ठेवावी? दुचाकीस जागा जरूर द्यावी. परंतु सर्वच जागा तिला देऊ नये. तिसऱ्यांना अंगणच नसते. त्यांच्या खिडकीतल्या चार डब्यांतही आतिथ्य मावते. ते डबे गजांस तारेने घट्ट बांधावे, कारण वरून पडलेली कुंडी हे कोणाचेच स्वागत नव्हे. त्यांत गवती चहा व पुदिना लावावा. आलेल्या मनुष्याच्या चहात दारचे पान पडले की, तो बागेतच बसला असे समजावे.

खर्चाची मर्यादा आम्ही पाचशे रुपये सुचवितो. एक खुरपे, एक झारी, थोडे शेणखत, सुतळी व चुना एवढेच विकत घ्यावे. बाकीचे मागून आणावे, वेचून आणावे किंवा घरातच शोधावे. पालकांस आमची विनंती आहे की, या कामी मुलांच्या हातून दोन रोपे मेली तरी त्यांस बोलू नये, आणि बाक तयार झाल्यावर त्यावर पहिला बसण्याचा मान आपण न घेता मुलाच्या मित्रास द्यावा.

विद्यार्थ्यांस सांगणे एवढेच. कवी नारायण वामन टिळक यांस महाराष्ट्राने फुलामुलांचे कवी म्हटले. फुले आणि मुले हे दोन शब्द त्यांच्या नावामागे एकत्र राहिले आहेत, ते असेच आपल्या दारीही राहावे. जूनमध्ये शाळा उघडेल त्या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या घरच्या एका झाडाची फांदी किंवा बी कागदात गुंडाळून आणावे, त्यावर झाडाचे व आपले नाव लिहावे, आणि ज्याच्या घरी आपण आजवर गेलो नाही अशा वर्गमित्रास ते द्यावे. मग ते रोप लागले की नाही हे पाहावयास त्याच्या घरी जावे. त्याने दारात निदान एक वीट ठेवलेली असेल, असा आमचा भरवसा आहे.